शेतीचा हिशेब : संगणकाला प्रश्न कसा विचारावा?

इगतपुरी तालुका हा जास्त पावसाचा प्रदेश असून भात हे घोटी परिसरातील प्रमुख पीक आहे. खाचरात भात, वरकस जमिनीवर नागली व वरई आणि पाण्याची सोय असल्यास पुढे भाजीपाला किंवा हरभरा, असे येथील शेतीचे सर्वसाधारण स्वरूप असते. अशा शेतीत तुकडे अनेक, पिके अनेक आणि खर्चही बारीकसारीक असतात. बरेच शेतकरी ते वहीत नोंदवतात. परंतु कोणत्या तुकड्यावर कोणते पीक परवडले, हे वही आपणहून सांगत नाही. घरात संगणक असल्यास डेटाबेसच्या साहाय्याने हे उत्तर मिळू शकते. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस किंवा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस बेस वापरता येते.

नोंदींची मांडणी

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत साठवली जाते. या तक्त्यांना जो प्रश्न विचारला जातो त्याला 'क्वेरी' म्हणतात. अनेक तक्ते समान रकान्याने जोडण्याची ही पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडली. शेतीच्या हिशेबासाठी पुढील तीन तक्ते पुरेसे आहेत.

१) लागवड : लागवड क्रमांक, तुकड्याचे नाव, क्षेत्र (गुंठे), पीक, वाण, हंगाम, वर्ष.
२) खर्च : लागवड क्रमांक, तारीख, बाब, रक्कम.
३) विक्री : लागवड क्रमांक, तारीख, वजन, दर, रक्कम.

प्रत्येक हंगामातील प्रत्येक पिकाला स्वतंत्र लागवड क्रमांक द्यावा. एकाच खाचरात खरिपात भात व रब्बीत हरभरा घेतला, तर क्रमांक दोन होतील. केवळ तुकड्याच्या नावाने तक्ते जोडल्यास भाताचा खर्च हरभऱ्याच्या नावे लागतो. घरी खाण्यासाठी ठेवलेले भातही त्या वेळच्या बाजारभावाने विक्रीच्या तक्त्यात लिहावे. अन्यथा चांगले पीकही तोट्यात दिसते. त्याचप्रमाणे घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरावी.

क्वेरी तयार करणे

क्वेरीच्या डिझाइन व्ह्यूमध्ये हवे ते तक्ते घ्यावेत व लागवड क्रमांकाने जोडावेत. नंतर पाहावयाचे रकाने निवडावेत. अटीच्या ओळीत 'भात' लिहिल्यास फक्त भाताच्या नोंदी मिळतात. बेरीज हवी असल्यास लागवड क्रमांकाला 'ग्रुप' व रकमेला 'सम' लावावे. दरवेळी वेगळे वर्ष विचारावयाचे असल्यास अ‍ॅक्सेसमध्ये अटीच्या जागी चौकोनी कंसात प्रश्न लिहावा. क्वेरी चालवताच संगणक वर्ष विचारतो. क्वेरी एकदा जतन केली, की पुढील वर्षी तीच उपयोगी पडते.

दुप्पट बेरजेचा धोका

येथे विशेष काळजी घ्यावी. लागवड, खर्च व विक्री हे तिन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडून बेरीज केली, तर खर्चाची प्रत्येक नोंद विक्रीच्या प्रत्येक नोंदीशी जुळवली जाते. उदाहरणादाखल एका खाचरातील भाताचा हिशेब पाहू.

खर्चाच्या नोंदी ५, एकूण रु. १४,५००
विक्रीची नोंद १, रक्कम रु. १२,०००
खरा निकाल : तोटा रु. २,५००

चुकीच्या क्वेरीत विक्रीची एकच नोंद पाच वेळा मोजली जाते. त्यामुळे विक्री रु. ६०,००० व नफा रु. ४५,५०० दिसतो! संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. अशा आकड्यावर विसंबून पुढील वर्षी क्षेत्र वाढवले, तर तोटाही वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या क्वेरीत प्रत्येक लागवडीच्या खर्चाची बेरीज करावी. दुसऱ्या क्वेरीत विक्रीची बेरीज करावी. तिसऱ्या क्वेरीत लागवडीचा तक्ता घेऊन त्याला या दोन्ही बेरजा जोडाव्यात. आता प्रत्येक लागवडीची एकच ओळ असल्याने रक्कम वाढत नाही.

इतर नेहमीच्या चुका

१) गायब होणारे पीक : पावसाने नागली गेली व विक्री झालीच नाही, तर साध्या जोडणीत ती लागवड यादीतूनच गळते. म्हणजे सर्वांत मोठा तोटा दिसतच नाही. जोडरेषेवर दोनदा क्लिक करून 'लागवडीतील सर्व नोंदी' हा पर्याय निवडावा.

२) रिकामी जागा : रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या विक्रीतून खर्च वजा केल्यास उत्तरही रिकामेच येते. अ‍ॅक्सेसमध्ये 'एनझेड' हे फंक्शन वापरून तेथे शून्य धरावे.

३) लेखनातील फरक : 'इंद्रायणी' व 'इंद्रायनी' हे संगणकाला दोन वाण वाटतात. वाणांची ठरावीक यादी करून त्यातूनच निवड करावी.

४) एककांची सरमिसळ : काही नोंदी किलोत व काही क्विंटलमध्ये नसाव्यात. तुलना करताना नफा प्रति गुंठा काढावा.

पडताळणी आवश्यक

क्वेरीचे उत्तर स्वीकारण्यापूर्वी एका तुकड्याचा हिशेब वहीवरून हाताने करून पाहावा. दोन्ही आकडे जुळले तरच बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवावा. फाइलची प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर घ्यावी. सुरुवातीस एका हंगामाच्या नोंदी पुरेशा आहेत. भाताची विक्री आटोपल्यावर पुढील हंगामाचे नियोजन करण्यापूर्वी या तीन क्वेरी चालवाव्यात, म्हणजे कोणत्या तुकड्यावर काय घ्यावे याचा निर्णय अंदाजाऐवजी स्वतःच्या आकड्यांवर घेता येईल.