परांचीपुरताच बांबू?

पुण्यात इमारतीला रंग द्यायचा असो, गणपतीचा मांडव घालायचा असो किंवा पेठेतल्या जुन्या वाड्याची खचलेली भिंत सावरायची असो, सगळ्यात आधी दारात येऊन पडतो तो बांबू. सुंभाने बांधलेल्या परांचीवर माणसं दिवसभर उभी राहून काम करतात. काम संपलं की बांबू उतरवून नेला जातो. ज्याच्यावर आपण जिवंत माणसं चढवतो, त्याच्यावर घराचं छप्पर ठेवायला मात्र हे शहर तयार नाही. या अविश्वासाची कारणं नीट तपासायला हवीत. त्यातली काही खरी आहेत, बरीच आता जुनी झाली आहेत.

मावळात आणि कोकणात कुडाची घरं होतीच. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कामट्या विणायच्या, वर शेणमातीचा गिलावा द्यायचा. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला गेले, तेव्हा तिथल्या कुट्याही माती, बांबू आणि कौलांतून उभ्या राहिल्या. पुढे सिमेंट आलं आणि बांबूचं घर गरिबीची खूण ठरलं.

ताकदीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. बांबूचे तंतू उभे धावतात, म्हणून तो ओढ उत्तम सोसतो. पोकळ नळी आणि मधली पेरं यांमुळे वजन कमी राहून ताठपणा मिळतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन हजारो माणसं गेली. त्याच्या दोनच वर्षं आधी कोस्टा रिकातल्या मोठ्या भूकंपात बांबूची नवी घरं केंद्राजवळ असूनही उभी राहिली होती. भूकंपात जडपणाच जीव घेतो, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे.

बांबू दुबळा पडतो तो सांध्यात. खिळा ठोकला की तो उभा चिरतो. म्हणून भोक पाडून बोल्ट बसवायचा, सांध्याजवळच्या पेरात सिमेंटचा मसाला भरायचा, असं काम करावं लागतं. दुसरा शत्रू भुंगेरा. त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. जुनी माणसं पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोड करून बांबू ओढ्यात भिजत ठेवत. वाहत्या पाण्यात पिष्ट कमी होतं, त्यामुळे या रीतीला आधार आहे. आज बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाने तेच काम अधिक भरवशाने होतं. मात्र हे क्षार पावसाने धुऊन जातात. म्हणून उंच जोतं आणि भिंतीबाहेर चांगली पुढे आलेली वळचण हवीच. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत पुरला, तर एक-दोन पावसाळ्यांतच कुजू लागतो. अनेकांचा बांबूवरचा विश्वास उडाला तो अशाच कामांमुळे.

या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच, काही दशकांनी फुलतात आणि मरतात. त्यामुळे बी मिळणं आणि नवं वाण घडवणं अवघड. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी ऊतीसंवर्धनातून बांबूला काही महिन्यांतच फुलवलं. 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये तो शोधनिबंध आला.

कायद्याचा अडसरही दूर झाला आहे. वनस्पतिशास्त्राने गवत मानलेला बांबू 1927 च्या वन कायद्यात झाड होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्याच जंगलातला बांबू विकायचा हक्क प्रत्यक्ष हातात पडायला 2011 उजाडलं. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची ‘झाड’पणातून सुटका 2017 मध्ये झाली. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूला स्वतंत्र जागा आहे आणि त्याच्या संरचनेसाठी आयएस 15912 हे मानक आहे. वणी-वरोरा महामार्गावर 2023 मध्ये लोखंडाऐवजी बांबूचा 200 मीटरचा अपघातरोधक कठडा बसला. कुडाळच्या ‘कॉनबॅक’ या संस्थेने कोकणातल्या माणगा या भरीव बांबूला बांधकामात मान मिळवून दिला आहे.

मग पुण्यात अडतं कुठे? माझ्या मते मालात आणि हातांत. मापाचा, पक्व, प्रक्रिया केलेला बांबू सळईसारखा सहज विकत मिळत नाही. कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पण बांधकामाजोगा व्हायला त्याला तीन-चार वर्षं लागतात. बाहेरून कोवळा आणि पक्व बांबू सारखेच दिसतात. तो फरक ओळखणारा माणूस म्हणजे बुरूड. बाराव्या शतकातले संत मेदार केतय्या यांचा वारसा सांगणारा हा समाज. प्लास्टिकने त्यांच्या सुपांची आणि टोपल्यांची गिऱ्हाइकं नेली. बुरूड आळीतल्या या जाणकारीला अभियंत्याच्या आकडेमोडीची जोड मिळायला हवी.

वीस मजली मनोरे बांबूचे करा, असं मी म्हणत नाही. आग आणि सांध्यांचा विचार करता तो हट्ट चुकीचाच. पण शाळेची जेवणाची शेड, उद्यानातला मंडप, बसथांबा, गच्चीवरची खोली यांना लोखंड आणि काँक्रीट कशाला? सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे 8 टक्के हिस्सा येतो. बांबू वाढताना कार्बन शोषतो आणि बेट न उपटता दरवर्षी तोड देतो. महापालिकेने अशा छोट्या कामांच्या निविदांत मानकाची आणि प्रक्रियेच्या प्रमाणपत्राची अट घालावी, आणि मुळशी-भोरच्या शेतकऱ्यांशी तीन-चार वर्षं आधी भाव ठरवून करार करावेत. पैशाची खात्री असली की बांधावरचा बांबू कोवळा तोडायची वेळ येणार नाही.