ऐकणाऱ्याचे देणे

मुरुमसारख्या सीमेलगतच्या गावात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडतात. एकादशीच्या रात्री देवळात भजन सुरू झाले, की दिवसभर शेतात वा दुकानात राबलेला माणूस येऊन बसतो आणि उठताना हलका होऊन उठतो. त्याची अडचण मात्र होती तेवढीच असते. देणे फिटलेले नसते, गेलेले माणूस परत आलेले नसते. मग बदलले काय, असा प्रश्न सहजच उद्भवतो.

उत्तर संगीताच्या रचनेतच आहे. गवई आधी तंबोरा लावतो. त्याच्या चार तारा बहुधा पंचम आणि षड्ज हेच स्वर अखंड देत राहतात. गवई षड्जापासून दूर जातो, रागाच्या वाटा धुंडाळतो आणि फिरून षड्जावर येतो. तालाचेही तसेच. त्रितालाच्या १६ मात्रांचे आवर्तन समेवर आले, की ओळखदेख नसलेल्या श्रोत्यांच्या माना एकदम डोलतात. भजनात हेच काम ध्रुवपद करते. दुःखात सापडलेल्याला परतीची वाट दिसत नाही आणि आपण एकटे आहो असे वाटते. गाणे त्याला उपदेश करीत नाही. दूर जाऊन परत येणे ते चारचौघांत अनुभवास आणून देते.

याला मर्यादा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूरसारखी आपल्या परिसरातील गावे जमीनदोस्त केली. तसला शोक गाण्याने निवारतो, असे कोण म्हणेल? पडलेले घर गाणे उभे करीत नाही. एखादी रात्र माणसाला एकट्याने काढावी लागू नये, एवढेच त्याच्या हाती आहे. आणि तेही थोडे नव्हे.

परंतु हे सुख फुकटचे नव्हे. तंबोऱ्याचा कडू भोपळा भीमाकाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवतो, मिरजेचा कारागीर त्याचे वाद्य करतो, आणि गवयाच्या मागे त्याचा गुरू उभा असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकून गदगचा एक मुलगा वेडावला आणि १९३३ च्या सुमारास गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाला. ते पंडित भीमसेन जोशी. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी ते शिकले. गुरू १९५२ मध्ये निवर्तले, आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो पुढे आयुष्यभर सांभाळला. ऐकण्याने लागलेले ऋण त्यांनी असे फेडले.

आपल्यापाशी महोत्सव भरविण्याचे सामर्थ्य नसेल. पण भजन संपेपर्यंत मध्येच न उठणे, पेटीवाल्याची आणि पखवाजवाल्याची आपुलकीने विचारपूस करणे, आणि दारात घुटमळणाऱ्या दुःखी शेजाऱ्याला सतरंजीवर जागा करून देणे, एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.