खरपुडीच्या कंदाचे रक्षण

पश्चिम घाटातील डोंगरउतारांवर पावसाळ्यात खरपुडी, म्हणजेच कंदीलपुष्प, फुलते. तिच्या कित्येक जाती मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. कंदिलासारख्या फुलात बारीक माश्या काही काळ अडकतात व त्यांच्याकरवी परागण घडते. पुढे शेंग तडकून केसाळ बी वाऱ्याबरोबर पसरते. परंतु कंद खाण्याजोगा असल्याने बी धरण्यापूर्वीच तो खणला जातो आणि रोप समूळ नाहीसे होते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३८ अन्वये नामशेष होऊ घातलेल्या जाती गोळा करण्यास शासन मनाई करू शकते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बियांपासून व ऊतिसंवर्धनाने रोपेही तयार झाली आहेत. ग्रामसेवकांनी गुराख्यांस विचारून गावच्या जैवविविधता नोंदवहीत खरपुडीची नोंद करावी; कंदाची जागा त्यांच्याइतकी कोणास ठाऊक नसते. परक्यास मात्र ती सांगू नये.