गुप्त किल्ल्या

नवी मुंबईच्या परिसरात, उरण तालुक्यात, न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर म्हणजे देशाच्या सागरी व्यापाराचे एक महाद्वारच होय. येथे रात्रंदिवस जहाजे लागतात, अजस्र याऱ्या लोखंडी पेट्या उचलतात व मालमोटारींच्या रांगा लागतात. कोणती पेटी कोणाची आणि ती कोणत्या जहाजावर चढवावयाची, हा सारा हिशेब संगणकांत असतो.

२०१७ च्या जूनअखेरीस या बंदरातील एका धक्क्याचे काम एकाएकी थांबले. याऱ्या शाबूत होत्या, कामगार हजर होते. परंतु पेट्यांचा हिशेब सांगणारे संगणकच मुके झाले होते. हा धक्का डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहाकडे होता आणि त्या समूहाच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ नावाची विघातक आज्ञावली शिरली होती.

तिचा उगम दूर युक्रेन देशात झाला. तेथे करांच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्या इंटरनेटवरून संगणकांत येत असत. दुष्टांनी त्यांतच विष कालविले. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार झाला. एका संगणकात शिरताच ही आज्ञावली त्याच्या स्मृतीतील नावे व संकेतशब्द हुडकून काढी आणि त्याच किल्ल्यांनी इतर संगणकांची दारे उघडी. त्यामुळे ज्यांतील दोष वेळीच दुरुस्त केले होते, असे संगणकही सुरक्षित राहिले नाहीत. पडद्यावर खंडणीची मागणी झळके; परंतु ती देऊनही माहिती परत मिळत नसे.

मर्स्कच्या जाळ्याचा मूलभूत नोंदसंग्रह अनेक ठिकाणी ठेवलेला होता. पण ते संगणक परस्परांशी जोडलेले असल्यामुळे एकदमच निकामी झाले. घाना देशातील एक संगणक मात्र वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर राहिला होता. त्यातील प्रत वाचली आणि तिच्या आधारे जाळे पुन्हा उभे करता आले. तरीही समूहाने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला.

जी गोष्ट एवढ्या मोठ्या उद्योगाची, तीच घरातील लहानशा मोबाइलची. चार अंकी संकेतांक केवळ १०,००० प्रकारे मांडता येतो, तर सहा अंकी १० लाख प्रकारे. म्हणून संकेत जितका लांब, तितके चोराचे काम अवघड. परंतु एकच संकेतशब्द सर्वत्र वापरणे म्हणजे घर, कपाट व तिजोरी यांना एकच किल्ली लावणे होय. बँक मोबाइलवर जो एकदाच वापरावयाचा क्रमांक पाठविते, ती दुसरी किल्ली असते. चोर पुष्कळदा कुलूप फोडीत नाही. तो गोड बोलून, अथवा भीती घालून, ही किल्ली मालकाकडूनच मागून घेतो. असा प्रसंग ओढवलाच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब होईल तसतसा पैसा हाताबाहेर जातो.

खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. तथापि कायदा प्रत्येकाच्या दाराशी पहारा देऊ शकत नाही. शिवाय एका मोबाइलमध्ये अनेक आप्तेष्टांचे क्रमांक, पत्ते व छायाचित्रे असतात. म्हणून जो आपली किल्ली जपतो, तो केवळ स्वतःचे नव्हे, तर शेजाऱ्याचेही घर राखीत असतो.