ओळख आणि आडोसा



नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे आदिवासी वस्तीचे एक लहानसे खेडे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावी वाटण्यात आले. तेव्हापासून हा बारा आकड्यांचा क्रमांक घरोघरी पोहोचला असून शिधावाटपाच्या दुकानापासून प्राप्तिकराच्या कचेरीपर्यंत त्याची पृच्छा होते. त्याविषयी लोकमत मात्र एक नाही. कोणी त्याला वरदान मानतो, तर कोणाला तो गळफास वाटतो. हा मतभेद नेमका कशाविषयी आहे, ते आज पाहू.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप. नोंदणीच्या वेळी प्रौढ माणसाच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि छायाचित्र घेऊन ती माहिती मध्यवर्ती भांडारात साठवितात. पुढे शिधा घेताना आपण यंत्रावर बोट टेकवितो, तेव्हा तो ठसा त्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. साध्या पडताळणीत उत्तर येते ते केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच.

लोकांच्या मनातील दोन निरनिराळी भये या दोन शब्दांत सामावलेली आहेत. कष्टकऱ्याला ‘नाही’चे भय वाटते. विटा वाहून, माती उपसून अथवा वार्धक्यामुळे बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र ओळख नाकारते आणि हक्काचे धान्य अडते. सुशिक्षिताला उलट ‘होय’चे भय वाटते. बँक, दूरध्वनी, प्रवास, औषधोपचार ही सारी एकाच क्रमांकाच्या सूत्रात ओवली गेली, तर आपल्या आयुष्याचा नकाशाच परक्याच्या हाती पडेल, अशी त्याला धास्ती असते.

‘ज्याने काही पाप केले नाही, त्याने भ्यावे कशाला?’ असे पुष्कळजण विचारतात. परंतु आपल्या घरी स्नानाला आडोसा असतो, तो काही चोरी लपविण्यासाठी नव्हे. तो माणसाच्या प्रतिष्ठेसाठी असतो.

हाच प्रश्न निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधारची योजना वैध ठरविली, पण तिला कुंपणही घातले. सरकारी अनुदाने व प्राप्तिकर यांसाठी आधार मागता येईल. बँकेचे खाते, दूरध्वनी किंवा मुलाचा शाळाप्रवेश यांसाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत नोंदवून तो कायदाच घटनाबाह्य मानला. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरध्वनी कंपन्यांना आधारचा उपयोग करण्याची मुभा मिळाली, तीही ग्राहकाच्या स्वेच्छेवर अवलंबून ठेवून.

तथापि कायद्याचे कुंपण राखावयाचे तर नागरिकानेही जागे राहिले पाहिजे. आपण मात्र विश्रामगृहात, दुकानात, मागेल त्याला आधारची संपूर्ण छायाप्रत देऊन मोकळे होतो. ती पुढे कोठे जाते, याची विचारपूस करीत नाही. वास्तविक पहिले आठ आकडे झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. ठसे व बुबुळे यांच्या वापराला कुलूप घालण्याचीही सोय आहे.

तेव्हा यापुढे कोणी आधार मागितल्यास ‘कशासाठी?’ एवढे सौजन्याने विचारावे. आणि शिध्याच्या दुकानात एखाद्या म्हातारीचा ठसा जुळला नाही, तर अन्य मार्गाने तिची ओळख पटवून तिला धान्य द्यावे, असा आग्रह रांगेतील सुशिक्षितांनी धरावा. आपल्या आडोशाची काळजी वाहणाऱ्याने तिच्या घासाचीही काळजी वाहिली पाहिजे. कारण माणूस मोठा की त्याची नोंद, हाच प्रश्न दोन्ही ठिकाणी आहे.