फ्लिपरचा जोर कुठे जातो?

जुनी पिनबॉल यंत्रे घरी दुरुस्त करण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. यातली बहुतेक यंत्रे शिकागोत बनलेली. गॉटलीब कंपनीच्या १९४७ सालच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने विजेवरचे फ्लिपर आणले आणि खाली घरंगळणारा चेंडू खेळाडूला पुन्हा वर टोलवता येऊ लागला.

जुन्या यंत्रात हेच फ्लिपर अनेकदा मलूल झालेले असतात. फ्लिपरला जोडलेल्या कॉइलमधून वीज वाहिली की चुंबकत्व निर्माण होते, लोखंडी दांडा आत खेचला जातो आणि फ्लिपर उसळतो. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचे वेटोळे टोला देते. फ्लिपर वर पोहोचताच एक छोटा स्विच उघडतो, बारीक तारेचे वेटोळेही मार्गात येते आणि प्रवाह घटतो. त्यामुळे बटण दाबून धरले तरी कॉइल जळत नाही.

ठिणग्यांनी या स्विचची टोके काळवंडली, की टोल्याला पुरेसा प्रवाह मिळत नाही. स्विच उघडलाच नाही, तर कॉइल तापून जळते. म्हणून आधी प्लग काढा, टोके बारीक कानशीने साफ करा, दांड्याभोवतीची झिजलेली नळी बदला. तिथे तेल मात्र घालू नका. त्यात धूळ चिकटून दांडा अडकतो.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त क्षमतेचा बसवू नका. आधी दोष शोधा.