मायावरणाचा पोशाख आणि लपण्याचा खेळ

लपाछपी हा खेळ खेडोपाडी सर्वत्र खेळला जातो. त्याला साहित्य लागत नाही, खर्च येत नाही आणि लहानमोठी सर्व मुले त्यात रमतात. या खेळाला थोडी योजनेची जोड दिली तर निसर्गाभ्यास, हस्तव्यवसाय आणि गणित या तिन्ही विषयांचे पाठ त्यातून देता येतात. त्यासाठी घरच्या टाकाऊ वस्तूंपासून मायावरणाचा पोशाख कसा तयार करावा आणि तो कोठे वापरावा, याचे विवेचन पुढे केले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तो कोठे वापरू नये हेही तितकेच महत्त्वाचे असल्याने लेखाचा उत्तरार्ध शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा.

मायावरण म्हणजे काय?

सभोवतालच्या वस्तूंत मिसळून जाणे म्हणजे मायावरण. त्याची उदाहरणे मुलांच्या पाहण्यातील असतात. रातवा पक्षी दिवसा पाचोळ्यावर बसून राहतो आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. काडीकीटक वाळल्या काटकीसारखा दिसतो. पंख मिटून बसलेले पर्णफुलपाखरू देठासह वाळलेले पानच वाटते. वाघाचे पट्टे हेही मायावरणच होय. बांबूच्या रांजीत किंवा उंच गवतात उभ्या सावल्यांशी ते पट्टे मिसळतात आणि वाघाच्या देहाची बाह्यरेषा तुटते. त्याचा नारिंगी रंग माणसाच्या डोळ्यांत भरतो. परंतु चितळ-सांबरांना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही, म्हणून त्यांना तो रंग झाडोऱ्यासारखाच भासतो.

मनुष्याने ही युक्ती निसर्गाकडूनच उचलली. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या ‘गाइड्स’ या पथकाने धुळीच्या रंगाचे कपडे स्वीकारले. ‘खाक’ म्हणजे धूळ; त्यावरून खाकी हा शब्द रूढ झाला. स्कॉटलंडच्या डोंगरी भागात शिकाऱ्यांना साहाय्य करणाऱ्या सेवकांना ‘गिली’ म्हणत. १९०० साली बोअर युद्धाच्या वेळी लॉर्ड लोव्हॅट यांनी अशा लोकांचे एक दल उभे केले. चिंध्या व गवत लावलेला जो पोशाख आज ‘गिली सूट’ म्हणून ओळखला जातो, त्याचे नाव यांच्यावरूनच पडले. शाळेत करावयाचा पोशाख याच जातीचा, परंतु पुष्कळ साधा आहे.

साहित्य

धानाचे एक जुने पोते, जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या, सुतळी, दाभण आणि धानाची तणस एवढे साहित्य पुरेसे आहे. पोते धान्याचेच असावे. खताचे अथवा कीटकनाशकाचे पोते धुऊनही वापरू नये. धान्याचे पोतेही धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावे.

चिंध्या रंगविण्याचे काम मुलांना फार आवडते. बाभळीची साल पाण्यात उकळली असता तपकिरी रंग मिळतो. पळसाच्या फुलांपासून पिवळा रंग निघतो. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात आठ-दहा दिवस ठेवावेत. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली चिंधी या पाण्यात बुडविली की काळसर राखी होते. पिवळ्या चिंधीला याच दोन पाण्यांचा, परंतु पुष्कळ पातळ करून, हात दिला म्हणजे मळकट हिरवा रंग येतो. उकळण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे.

रंगाची निवड ऋतूप्रमाणे करावी. श्रावण-भाद्रपदात हिरव्या चिंध्या अधिक असाव्यात. माघानंतर सागाची पाने गळून जमीन तपकिरी होते, तेव्हा तपकिरी चिंध्या व तणस यांचे प्रमाण वाढवावे. ‘आज आपल्या शाळेच्या आवाराचा रंग कोणता?’ हा प्रश्न विचारून मुलांना बाहेर न्यावे. जमीन एकाच रंगाची नसते, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.

कृती

पावसात शेतकरी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर खोळ घेतो. पोशाखाचा पाया हीच खोळ होय. खोळ मुलाच्या गुडघ्यापर्यंतच पोचेल अशी कापावी. अधिक लांब असल्यास मूल धावताना अडखळते. पाठीवर व खांद्यांवर दाभणाने सुतळीचे आडवे टाके घालावेत, म्हणजे चिंध्या बांधण्यास फासे तयार होतात. चिंध्या दोन बोटे रुंद व एक वीत लांब कापून त्यांत अडकवाव्यात. त्या एका रांगेत न लावता विस्कळीत लावाव्यात, कारण निसर्गात सरळ रेषा क्वचितच आढळते. शेवटी मधूनमधून तणसाच्या लहान जुड्या बांधाव्यात. डोके व खांदे यांची गोलाई मनुष्याची ओळख चटकन पटविते. म्हणून तेथे चिंध्या दाट असाव्यात.

चेहरा मोकळा ठेवावा. नाक-तोंड कधीही झाकू नये. खोळ गळ्याशी बांधू नये, नुसती अंगावर घ्यावी. चिंध्या व तणस चटकन पेट घेतात, म्हणून पोशाख घातलेल्या मुलाने चुलीजवळ अथवा दिव्याजवळ जाऊ नये. सजावटीसाठी वेली व फांद्या तोडू देऊ नयेत. खाजकुहिलीच्या शेंगांनी अंगाची आग होते, बिब्ब्याच्या रसाने फोड येतात आणि रुईचा चीक डोळ्यांस घातक असतो.

लष्करी ठिपक्यांचे कापड मात्र मुळीच वापरू नये. गडचिरोलीच्या जंगलांतून सुरक्षा दलांची गस्त अनेक वर्षे चालत आली आहे. अशा मुलखात मुलांच्या अंगावर सैनिकी दिसणारा वेश असणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

खेळ

इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गास हा खेळ योग्य आहे. एक मूल पहारेकरी होते. शाळेच्या आवारातच, आखलेल्या सीमेच्या आत, चार मुले पोशाख घालून व चार मुले नेहमीच्या कपड्यांत लपतात. पहारेकरी ठरलेल्या रेषेवरून एकेक पाऊल पुढे येतो. मूल दिसताच तो थांबतो आणि दोघांमधील अंतर पावलांनी मोजून फळ्यावर लिहिले जाते. सर्व मुले सापडल्यावर दोन्ही गटांच्या अंतरांची सरासरी वर्गाने काढावी. पोशाखामुळे किती फरक पडला हे आकड्यांनीच सिद्ध होते.

त्यानंतर चर्चा घ्यावी. मूल कशामुळे दिसले? बाह्यरेषेमुळे, रंगामुळे, सावलीमुळे की हालचालीमुळे? बहुतेक वेळा हालचालच घात करते. उत्तम पोशाख घातलेले मूल मान वळविताच सापडते आणि साध्या कपड्यांतील मूल निश्चल राहून सुटते. धोक्याची चाहूल लागताच ससा जागीच का थिजतो, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

सीमा कोठे आखावी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या गुणामुळे हा खेळ रंगतो, तोच गुण जंगलात प्राणघातक ठरू शकतो. गेल्या काही वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांत वाघांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली आहेत. मोहफुले वेचताना आणि तेंदूपाने तोडताना असे प्रसंग वारंवार घडतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. खाली वाकलेला, पाठमोरा व शांत मनुष्य वाघाला दुरून एखाद्या चतुष्पादासारखा भासण्याचा संभव असतो. लपलेले मूल तर ओणवे, निःशब्द आणि एकटे असते.

१९८६ साली सुंदरबनात याच्या नेमका उलट प्रयोग झाला. जंगलात जाणाऱ्या लोकांना डोक्याच्या मागील बाजूस मानवी चेहऱ्याचे मुखवटे लावण्यास दिले गेले. ‘मी मनुष्य आहे आणि तुला पाहत आहे,’ हे वाघास कळावे, हाच त्यामागील हेतू होता. खेळाच्या मैदानावर न दिसणे हे कौशल्य असले तरी जंगलात दिसणे व ऐकू येणे हेच संरक्षण होय. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्यावे.

म्हणून खेळाची सीमा शाळेच्या आवाराबाहेर जाऊ देऊ नये. नाला, झुडपी कुंपण व जंगलाची कड वर्ज्य समजावी. खेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतच घ्यावा. पहाट व सायंकाळ ही वन्य पशूंच्या वावराची वेळ असते. उन्हाळ्यात हीच वेळ तापदायक असल्याने त्या दिवसांत खेळ घेऊ नये. प्रारंभी लपण्याच्या जागा काठीने झोडपून साप-विंचू नाहीत याची खात्री करावी. खेळापूर्वी व खेळानंतर मुले मोजावीत. तीन शिट्या वाजताच प्रत्येकाने उभे राहून ‘हजर’ म्हणावे.

खेळ संपल्यावर पोशाख शाळेच्या कपाटात ठेवावेत. घरी नेऊ देऊ नयेत. गलोल हाती असलेल्या मुलास असा पोशाख मिळाला तर तो पाखरांच्या मागे रानात जाणार हे उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा परिचय करून देण्यास हा प्रसंग योग्य होय.

या भागातील पुष्कळ मुले वडीलधाऱ्यांबरोबर रानात जातात. माग ओळखणे, चितळाचा इशारा ऐकणे यांत ती शिक्षकापेक्षाही जाणती असू शकतात. त्यांना वर्गापुढे बोलते करावे. रानात जाताना घरची मंडळी एकमेकांना हाका का मारतात, हे त्यांनीच सांगितले म्हणजे इतर मुलांच्या मनावर ते अधिक ठसेल. पुढील उन्हाळ्यात आईबरोबर मोहफुले वेचावयास गेलेले मूल पाठ ताठ करून उभे राहिले आणि मोठ्याने हाक देऊ लागले, तर या खेळाचा उद्देश पूर्णपणे साध्य झाला असे समजावे.